शलमोन आणि रामदेवराव : शहाण्या राजाचं राज्य कुठून खचतं?

धामणगाव बढे हे मोताळा तालुक्यातलं गाव घाटाखालचं. वर बुलढाण्याचा घाट, पलीकडे अजिंठ्याची डोंगररांग, पश्चिमेला खानदेशची हद्द. वऱ्हाड, खानदेश आणि मराठवाडा या तिन्ही मुलखांच्या सीमा या टापूत जवळ येतात. तालुक्यातल्याच रोहिणखेडला 1437 मध्ये खानदेशच्या फारुकी सुलतानाची आणि बहमनी फौजेची लढाई झाली, ती याच वाटेवर. उत्तरेकडून देवगिरीला जायचं तर ही डोंगररांग कुठेतरी ओलांडावीच लागते. अशा सरहद्दीच्या मुलखात उभं राहून राजांच्या गोष्टी वाचल्या की त्या वेगळ्या दिसतात. राजधानीत बसून लिहिलेला इतिहास सोनं, मंदिरं आणि दरबार मोजतो. सरहद्दीचा माणूस विचारतो, आमच्या गावाचं काय झालं?

बायबलमधला शलमोन हा जगातल्या शहाण्या राजांचा नमुना मानला जातो. चिखली, खामगाव, मलकापूर इथल्या ख्रिस्ती कुटुंबांत त्याची गोष्ट मराठीतून वाचली जाते आणि कोकणातल्या बेने इस्रायल ज्यू घरांतही ती पिढ्यान् पिढ्या मराठीतच सांगितली गेली. आपल्याकडे त्याच्या सगळ्यात जवळ जाणारा राजा म्हणजे देवगिरीचा रामदेवराव यादव. दोघांनी सुमारे चाळीस वर्षं राज्य केलं. दोघांच्या काळात मंदिरं आणि ग्रंथ उभे राहिले, आणि दोघांच्या वैभवाची कीर्ती परमुलखात गेली. दोघांच्या मागे आलेल्या मुलाला राज्य टिकवता आलं नाही. आणि दोघांचंही राज्य का बुडालं, यावर शेकडो वर्षं वाद चालू आहे. या वादात आजवर काय काय मांडलं गेलं आणि त्यातलं काय टिकतं, हे एकदा नीट पाहायला हवं.

आधी शलमोन. ख्रिस्तपूर्व दहाव्या शतकात दावीदाच्या मागे तो यरुशलेमच्या गादीवर आला, तो सरळ मार्गाने नव्हे. सावत्र भाऊ अदोनीया याने आधी स्वतःला राजा म्हणवून घेतलं होतं. शलमोनाने त्याला मारलं, सेनापती यवाबालाही मारलं. मग गिबोनच्या स्वप्नात देवाने वर मागायला सांगितलं, तेव्हा त्याने दीर्घायुष्य किंवा धन न मागता न्याय करण्याची बुद्धी मागितली. एका बाळावर हक्क सांगणाऱ्या दोन बायांचा निवाडा त्यानंतरचा. यरुशलेमच्या मंदिराला सात वर्षं लागली, त्याच्या स्वतःच्या वाड्याला तेरा. सोरेचा राजा हीराम गंधसरूचं लाकूड पुरवत होता, त्याच्या बदल्यात गहू आणि तेल जात होतं. ओफीरहून जहाजांनी सोनं येत होतं. ते ओफीर म्हणजे आपलं सोपारा, असं काही जुन्या अभ्यासकांनी मांडलं. ठोस पुरावा नसल्याने मला ते पटत नाही, पण सोपाऱ्याचं बंदर किती जुनं याची जाणीव त्या चर्चेने करून दिली, हे खरं.

मग पडझड. ‘राजे’ या पुस्तकाचं उत्तर स्पष्ट आहे : म्हातारपणी परदेशी राण्यांच्या नादाने राजा अष्टोरेथ, मिलकोम, कमोश अशा परक्या देवांच्या मागे गेला, म्हणून देवाने राज्य फोडलं. सातशे राण्या आणि तीनशे उपपत्नी हा आकडा याच संदर्भात येतो. हेच उत्तर पुढे प्रवचनांतून, चित्रांतून, गोष्टींतून सगळीकडे गेलं. पण त्याच पुस्तकात दुसरं उत्तरही लिहून ठेवलेलं आहे, आणि त्याकडे फार थोड्यांनी लक्ष दिलं.

ते उत्तर वेठबिगारीच्या हिशेबात आहे. लबानोनमध्ये लाकूडतोडीसाठी तीस हजार माणसं, दर महिन्याला दहा हजारांची पाळी. ओझी वाहणारे सत्तर हजार, डोंगरात दगड फोडणारे ऐंशी हजार. आकडे अक्षरशः खरे मानायची गरज नाही, पण लिहिणाऱ्याच्या मनावर ओझं किती होतं ते त्यांतून कळतं. राज्याचे बारा सुभे पाडले आणि प्रत्येक सुभ्याने वर्षातला एक महिना दरबाराचं अन्नधान्य पुरवायचं, असा नेम झाला. या यादीत राजाच्या स्वतःच्या यहूदा वंशाच्या मुलखाचा उल्लेख स्पष्ट नाही. म्हणून अनेक अभ्यासकांचं मत असं, की भार उत्तरेकडच्या वंशांवर पडला आणि घरचा मुलूख सुटला. या उत्तरेकडच्या योसेफ घराण्याच्या वेठीवर देखरेखीला नेमला होता यराबाम नावाचा कर्तबगार तरुण. राजाविरुद्ध हात उचलला तो यराबामानेच. त्याला वाटेत गाठून अहीया संदेष्ट्याने अंगावरचं नवं वस्त्र फाडून बारा तुकडे केले आणि दहा त्याच्या हातात दिले. यराबाम मिसरला पळाला आणि शलमोन मरेपर्यंत तिथेच राहिला.

शलमोनाचा मुलगा रहबाम शखेमला राज्याभिषेकासाठी गेला तेव्हा लोकांनी त्याच्यापुढे एकच मागणी ठेवली : तुझ्या बापाने घातलेलं जू हलकं कर. त्यात परक्या देवांचा किंवा राण्यांचा एका शब्दानेही उल्लेख नव्हता. म्हाताऱ्या सल्लागारांनी ऐक म्हटलं, बरोबरच्या तरुणांनी दटाव म्हटलं. रहबामाने तरुणांचं ऐकलं. राजाने वेठीवरचा अधिकारी अदोराम लोकांकडे पाठवला, तर त्याला दगडांनी ठेचून मारलं. राजा रथात बसून यरुशलेमला पळाला आणि दहा वंशांचं राज्य कायमचं वेगळं झालं. रहबामाच्या पाचव्या वर्षी मिसरचा शीशक चालून आला आणि शलमोनाने घडवलेल्या सोन्याच्या ढाली घेऊन गेला.

उत्खननांनी या वादात आणखी एक पेच घातला. हासोर, मगिद्दो आणि गेजेर इथल्या सहा खोल्यांच्या वेशी यिगाएल यादीन यांनी शलमोनाच्या ठरवल्या. इस्राएल फिंकेलस्टाइन यांनी त्या सुमारे शंभर वर्षं पुढे, उत्तरेकडच्या राजांच्या काळात नेल्या. 1993 मध्ये तेल दान इथे दावीदाच्या घराण्याचा उल्लेख असलेला शिलालेख सापडला, पण खुद्द शलमोनाचं नाव असलेला त्याच्या काळातला एकही लेख अजून मिळालेला नाही. मिसरमधल्या कर्नाकच्या देवळात शीशकाने कोरवलेल्या गावांच्या यादीत आज वाचता येणाऱ्या नावांत यरुशलेम नाही. साम्राज्य सांगतात तेवढं मोठं नसेल. पण वेठीचा आणि उत्तरेच्या रोषाचा तपशील कोणी राजाच्या गौरवासाठी रचलेला नसतो, म्हणून तो मला जास्त विश्वसनीय वाटतो.

आता देवगिरी. रामदेवराव म्हणजेच रामचंद्र हा कान्हरदेवाचा मुलगा. कान्हरदेवानंतर भाऊ महादेव गादीवर आला, त्याच्यामागे त्याचा मुलगा आमण. 1271 च्या सुमारास रामचंद्राची माणसं नाटकी मंडळींच्या वेषात देवगिरीच्या किल्ल्यात शिरली, खेळ चालू असतानाच आमणाला धरलं आणि पुढे त्याचे डोळे काढले. गादी अशी आली. नंतरच्या काळात मात्र हाच राजा विद्येचा आश्रयदाता ठरला. ‘चतुर्वर्गचिंतामणी’ रचणारा हेमाद्री त्याचाही श्रीकरणाधिप, म्हणजे दफ्तरप्रमुख होता. 1273 ते 1277 या वर्षांतल्या पंढरपूरच्या चौऱ्यांशीच्या लेखात विठ्ठलाच्या देवळाला दिलेल्या दानांची नोंद आहे. 1290 साली नेवाशाला ज्ञानेश्वरी पुरी झाली, तिच्या शेवटी याच राजाचं नाव येतं. 1310 च्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात त्याच्या विजयांची यादी आहे : वैरागड, भंडारा, त्रिपुरी, अगदी वाराणसीसुद्धा.

मोताळा तालुक्यातल्या कोथळीला महादेवाची जुनी देवळं आहेत. घडीव दगडावर घडीव दगड, सांध्यात चुना नाही, एकाचं कुसू दुसऱ्याच्या खाचेत बसलेलं. गावोगाव अशा देवळाला हेमाडपंती म्हणतात. पण या शैलीची कितीतरी देवळं हेमाद्रीच्या जन्माआधीची आहेत. लोणारचं दैत्यसूदन, चिखली तालुक्यातलं सातगाव यांचा काळ ठरवताना हेमाद्रीचं नाव बाजूला ठेवावंच लागतं. मोडी लिपी आणि बाजरीही लोकांनी त्याच्याच खात्यावर घातली आहे. शलमोनाच्या नावावर नीतिसूत्रं, उपदेशक, गीतरत्न आणि तिन्ही शहरांच्या वेशी चढल्या, ते असंच. वैभवाचा काळ एका नावाशी बांधला की आधीच्या कित्येक पिढ्यांचे पाथरवट, गवंडी आणि शेतकरी नजरेआड होतात. पुढे पडझड झाली की तिचाही सगळा बोजा त्याच एका माणसाच्या चारित्र्यावर टाकायला मन मोकळं असतं.

1296 च्या सुरुवातीला कडा-माणिकपूरचा सुभेदार अलाउद्दीन खिलजी काही हजार स्वार घेऊन चंदेरी, भिलसा करत अचलपूरला आला आणि तिथून देवगिरीवर चालून गेला. यादवांची मुख्य फौज राजपुत्र शंकरदेवाबरोबर बाहेर होती. वाटेत लासूरजवळ कान्हा नावाच्या सरदाराने अलाउद्दीनला अडवलं. त्या लढाईत दोन स्त्रिया सरदार म्हणून लढल्या, असं फारसी इतिहासकार इसामीने लिहून ठेवलं आहे. त्यांची नावं त्याने दिली नाहीत. सरहद्दीवर प्रतिकार करणाऱ्या माणसांची यादी एवढीच आहे आणि शाळेच्या पुस्तकात ती नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

राजा किल्ल्यात कोंडला गेला. इतिहासकार फिरिश्ता सांगतो, की किल्ल्यात घाईने नेलेली पोती धान्याची समजली होती, ती मिठाची निघाली. तह ठरला. मग शंकरदेव परतला, वडिलांचा निरोप न मानता लढला, आधी सरशी झाली. मग अलाउद्दीनचा सरदार नुसरतखान याची तुकडी धूळ उडवत आली, ती दिल्लीची मोठी फौज समजून यादवसेना फुटली. दुसरा तह आणखी महाग पडला : फिरिश्त्याच्या हिशेबाने सहाशे मण सोनं, सात मण मोती, दोन मण रत्नं, हजार मण चांदी. शिवाय अचलपूरचा वसूल. राजाची मुलगीही खिलजीच्या जनान्यात गेली, असं इसामी सांगतो.

पुढचं थोडक्यात. खंडणी थकली म्हणून 1307 च्या सुमारास मलिक काफूर आला, राजाला दिल्लीला नेलं. तिथे अलाउद्दीनने मान दिला, रायरायान हा किताब दिला आणि परत पाठवलं. त्यानंतर रामदेवरावाने वरंगळ आणि द्वारसमुद्रावर जाणाऱ्या काफूरच्या फौजेला वाट आणि रसद दिली. 1311 च्या सुमारास तो वारला. शंकरदेव बंड करून मारला गेला, आणि 1318 मध्ये रामदेवरावाचा जावई हरपाळदेव याच्या वधाने यादवांचं राज्य संपलं.

का बुडालं, याची मराठीत दिली गेलेली उत्तरं अनेक. लोकांच्या तोंडी सगळ्यात जास्त आहे ते मिठाच्या पोत्यांचं. पण ते ज्याच्याकडून येतं तो फिरिश्ता घटनेनंतर तीनशे वर्षांनी लिहीत होता, आणि पोती धान्याची असती तरी वेढा काही आठवडेच लांबला असता. दुसरं उत्तर फितुरीचं. महानुभाव परंपरेत हेमाद्रीविषयीचा रोष तीव्र आहे, आणि तो समजण्यासारखा आहे, कारण त्यांच्या आठवणीत पंथप्रवर्तक चक्रधरांच्या छळाशी तो जोडलेला आहे. या पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त मेहकर आणि लोणार भेटतात, म्हणजे हा आपल्याच मुलखाचा ग्रंथ. त्याचं साक्षेपी संपादन करणारे डॉ. वि. भि. कोलते याच जिल्ह्यातल्या नरवेलचे. या वाङ्मयाने यादवकाळातल्या साध्या माणसांचं जगणं आपल्यापुढे ठेवलं, ते ताम्रपटांना कधीच जमलं नसतं. पण 1296 च्या पराभवात हेमाद्रीचा हात होता, हे त्यातून सिद्ध होत नाही.

तिसरं उत्तर इतिहासाचार्य राजवाड्यांचं. महिकावतीच्या बखरीच्या प्रस्तावनेत त्यांनी गावकऱ्याच्या राजकीय उदासीनतेवर बोट ठेवलं आणि हेमाद्रीच्या व्रतवैकल्यांच्या ग्रंथावर कठोर टीका केली. संतांच्या निवृत्तीने समाज मऊ पडला, हा आरोपही त्यांच्या विचारातून पुढे गेला. न्यायमूर्ती रानड्यांनी 1900 मध्ये नेमकं उलट मांडलं होतं, की संतांनी समाज उभा केला. या भांडणात सनावळीच पुरेशी बोलते. ज्ञानेश्वरी पुरी झाली त्यानंतर सहा वर्षांत स्वारी आली, आणि ज्ञानेश्वरांची समाधी त्याच 1296 सालातली. एवढ्या काळात कोणत्याही ग्रंथाने एका राज्याची फौज दुबळी होत नाही. महानुभावांचे अनुयायी तर तेव्हा मूठभर होते. संतांवरचा हा आरोप मी पूर्णपणे निकालात काढतो. उदासीनतेचा मुद्दा मात्र राजवाड्यांनी अचूक धरला होता. शोधायचं राहतं ते एवढंच : गावकरी उदासीन होता, तर तो कशाने झाला?

चौथं उत्तर लष्करी आणि राजकीय आहे. रा. गो. भांडारकरांपासून अळतेकर, ओ. पी. वर्मा, ब्रह्मानंद देशपांडे यांच्यापर्यंतच्या अभ्यासातून यादवांच्या मोहिमांचा पट उलगडत गेला. तो पाहिला की एक गोष्ट ठळक होते. रामदेवरावाने माळव्याच्या परमारांना झोडपलं, गुजरातच्या वाघेल्यांशी लढला, 1276 च्या सुमारास सेनापती टिक्कमाने द्वारसमुद्रापर्यंत धडक मारली, पूर्वेला काकतीयांशी वैर. दिल्ली आणि देवगिरी यांच्यामध्ये माळव्याचं जे राज्य आड उभं होतं, ते खिळखिळं करण्यात देवगिरीचाही हात होता. आणि इशारा मिळाला नव्हता असं नाही. स्वारीच्या तीनेक वर्षं आधी अलाउद्दीनने भिलसा लुटलं होतं, आणि देवगिरीच्या संपत्तीची खबर त्याला तिथेच लागली, असं इतिहासकार बरनी सांगतो. इतक्या जवळ शत्रू येऊन गेल्यावरही अचलपूरपासून घाटापर्यंतच्या मुलखात त्याला रोखू शकेल असा बंदोबस्त नव्हता. फौज दूर, किल्ल्यात साठा नाही, घाटावर एकटा कान्हा.

अलीकडे ख्रिश्चन नोव्हेट्स्के यांनी यादवकाळाकडे मराठी भाषेच्या आणि सामान्य माणसाच्या बाजूने पाहिलं. त्यांचा रोख राज्य बुडण्यावर नाही, पण दरबाराची संस्कृत आणि गावाची मराठी यांत केवढं अंतर होतं ते त्यातून कळतं.

या सगळ्या उत्तरांतून एक धागा मला दिसतो, आणि तो शलमोनाशी जुळतो. मंदिराचं लाकूड आणि सोनं यांच्या मोबदल्यात शलमोनाने हीरामाला गालीलातली वीस गावं दिली. हीराम ती बघायला आला, त्याला आवडली नाहीत. त्या गावांतल्या माणसांना ती देवाणघेवाण आवडली का, हे कोणी विचारलं नाही. पुढे बायबलमधलंच ‘इतिहास’ हे पुस्तक लिहिणाऱ्याला हा प्रसंग इतका अडचणीचा वाटला, की त्याने तो उलटा करून टाकला : गावं हीरामाने शलमोनाला दिली, असं लिहिलं. परदेशी राण्यांनी राजाला बहकवल्याचं प्रकरणही त्याने गाळलं. रामदेवरावाने तहात जे दिलं त्यात सोन्या-मोत्यांची मोजदाद सगळ्यांनी केली, पण त्याच तहात अचलपूरचा वसूल गेला. राजधानी वाचवण्यासाठी पहिला मुलूख सोडला तो वऱ्हाडचा. राज्य अजून बावीस वर्षं नावाला उभं राहिलं, पण वऱ्हाडच्या माणसाने त्या दिवसापासून देवगिरीसाठी का लढावं?

म्हणून राजाच्या राण्या, मंत्र्याची फितुरी, संतांचे टाळ ही उत्तरं मला अपुरी वाटतात. ती सगळी राजधानीच्या आत घडणारी आहेत. शखेमला लोकांनी जे तोंडावर सांगितलं, ते देवगिरीच्या प्रजेने सांगितल्याची नोंद नाही, आणि म्हणूनच आपला वाद अर्धवट राहिला आहे. यादवांच्या काळात गावावर भार किती होता, तो कोण गोळा करत होता, त्यातलं सरहद्दीच्या रक्षणाला काय जात होतं, हे ठरवल्याशिवाय शेवटचा निकाल देता येणार नाही. हे कळण्याचं साधन आहे. चाळीसगावजवळच्या पाटणच्या 1206-07 च्या लेखात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या मठासाठी दिलेल्या दानाची नोंद आहे, आणि त्यात मराठी ओळींतून घाण्याच्या तेलातला वाटा, विकल्या जाणाऱ्या मालावरचं देणं असा बारीक हिशेब दिलेला आहे. असे लेख जितके जास्त वाचले जातील, तितकं हे चित्र भरत जाईल.

घाटावर आणि घाटाखाली अजून कितीतरी देवळांच्या भिंतीत, पारावर, विहिरीच्या काठाला अक्षरं कोरलेले दगड असण्याची शक्यता आहे. जीर्णोद्धाराच्या उत्साहात अशा दगडांवर ऑइलपेंट चढतो किंवा ते फरशीखाली गाडले जातात, आणि एकदा गेलेला लेख पुन्हा मिळत नाही. धामणगाव बढे, कोथळी, रोहिणखेड आणि आसपासच्या गावांतल्या वाचकांना माझी कळकळीची विनंती आहे : तुमच्या देवळात असा दगड दिसला तर त्याला रंग लावू देऊ नका, तो हलवू नका. सकाळच्या किंवा संध्याकाळच्या तिरक्या उन्हात त्याचा फोटो काढा आणि तो राज्य पुरातत्त्व विभागाकडे किंवा जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाकडे पोचवा.